काहिलीतला रंग

आठवीच्या वर्गाला गेल्या वर्षी मी विषय दिला होता, ‘आमच्या गावातला हंगाम’. वर्गात त्रेचाळीस मुलं. कोल्हापूरपासून पंधरा-सोळा किलोमीटरवरचं गाव, शाळेच्या तिन्ही अंगांना ऊस, खिडकीतून हात बाहेर काढला तर पात कापेल इतका जवळ. कागद गोळा केले तर बहुतेकांवर दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी आणि कौलारू घर. सात-आठ जणांनी ऊस काढला होता, दोघांनी कारखान्याची चिमणी आणि ट्रॅक्टर. गुऱ्हाळ एकाच्याही कागदावर नव्हतं. मी विचारलं, “गुऱ्हाळ कुणी कुणी बघितलंय?” पाच हात वर आले.

मी त्या मुलांच्या वयाची होते तेव्हा आमच्या घरामागच्या माळावर आमचंच गुऱ्हाळ होतं, आजोबांनी घातलेलं. दोन हंगाम तोट्यात गेले आणि वडील ऊस कारखान्याला घालायला लागले. रस आटवायची मोठी कढई, काहील, मोडीत गेली, तिच्याखालचं चुलवण ढासळलं, आता तिथं खताचं गोडाऊन आहे. त्या वयात मी दिसेल ते काढत होते. मांजर काढलं, विहीर काढली, आजीचा हात काढला. गुऱ्हाळ तेवढं राहिलं, कारण ते रोजचं होतं. तेव्हा मुलांना मी काय बोलणार? त्या संध्याकाळी घरी येऊन ठरवलं, येणारा हंगाम गुऱ्हाळावर काढायचा.

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात नव्या गुळाचे सौदे निघतात. त्या पाडव्यापासून मार्चअखेरपर्यंत जमेल तितक्या पहाटे, रविवारी आणि सुट्टीला मी भोगावतीकाठच्या एका गुऱ्हाळावर जाऊन बसले. मामेभावाची ओळख होती म्हणून कुणी हटकलं नाही. अकरा चित्रं झाली, सगळी जलरंगातली, बहुतेक हाफ शीट, म्हणजे पंधरा बाय बावीस इंच, दोन मोठी. एप्रिलमध्ये शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात ती चार दिवस भिंतीवर होती. बघायला आलेल्या बऱ्याच जणांनी विचारलं, गुऱ्हाळच का, आणि गूळ एवढा तांबडा का? तिथं उभ्याउभ्या नीट सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहिते.

आधीची चार चित्रं या अकरांत नाहीत. ती मी कुणाला दाखवत नाही. त्या चारांत माझी चूक एकच होती, गूळ पिवळा होता. गूळ म्हटलं की हात आपोआप गंबोजच्या ट्यूबकडं गेला, त्यात चिमूटभर ऑरेंज. दुकानात पारदर्शक पिशवीत जो पिवळाधमक गूळ मिळतो तो डोळ्यांत इतका बसला होता की समोर वाफाळणाऱ्या काहिलीत काय आहे ते मी बघतच नव्हते. तो पिवळा रंग बऱ्याचदा हायड्रॉस पावडरीनं, म्हणजे रंग उजळवणाऱ्या रसायनानं आणलेला असतो. गिऱ्हाईकाला पिवळा लागतो म्हणून घालावी लागते, असं गुऱ्हाळवाले सांगतात. मी बसत होते त्या गुऱ्हाळावर पावडर घालत नाहीत. तरीही माझ्या कागदावर गूळ पिवळा! पंचवीस वर्षं रंग हाताळणाऱ्या माणसाच्या हातून हे झालं याचं मला फार वाईट वाटलं.

मग मी चित्र काढायचं थांबवलं आणि नुसती पट्टी केली.

कागदाची दोन बोटं रुंदीची लांब पट्टी कापली. काहिलीत रस पडल्यापासून दर दहा मिनिटांनी त्या क्षणी दिसेल तो रंग मिसळून तिच्यावर एक ठिपका ठेवायचा, शेजारी पेन्सिलीनं वेळ लिहायची. दुसरं काही काढायचं नाही. मांदणातून, म्हणजे रस साठवायच्या हौदातून, रस काहिलीत येतो तेव्हा तो गढूळ असतो, राखाडी-हिरवट, शेवाळलेल्या हौदातल्या पाण्यासारखा. जाळ धरला की वर काळपट हिरवी मळी येते. भेंडीची झाडं ठेचून केलेलं बुळबुळीत पाणी त्यात ओततात, त्यानं मळी गोळा होऊन वर तरंगते आणि झाऱ्यानं ओढून काढतात. मळी निघाली की खालचा रस असा काही निवळतो की बघत राहावं. पावसाळ्यातल्या फिक्या उन्हाचा रंग. ट्यूबमधून जसाच्या तसा तो मिळत नाही. भरपूर पाण्यात रॉ सिएना आणि ब्रशच्या टोकाला लागेल इतकाच हिरवा, असं तीन-चारदा करून मग जमला.

तिथून पुढं रंग इतका सावकाश फिरतो की नुसतं बघून कळत नाही. ठिपके शेजारी शेजारी पडत गेले तसं कळत गेलं. सातव्या ठिपक्यापर्यंत मी रॉ सिएनाच वापरत होते, फक्त पाणी कमी करत. आठव्यापासून बर्न्ट सिएना घ्यावी लागली. बाराव्यात तिच्या जोडीला थोडा किरमिजी. दोन तास वीस मिनिटांत चौदा ठिपके झाले.

रॉ सिएना म्हणजे लोह असलेली पिवळट माती. इटलीतल्या सिएना गावावरून तिला नाव पडलं. तीच माती भाजली की तिच्यात बांधलेलं पाणी उडून जातं आणि ती तांबूस होते, ती बर्न्ट सिएना. हे मी अठरा वर्षं फळ्यावर लिहून देते आहे. मुलं वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात. गुळाचं रसायन वेगळं आहे, तिथं साखर तापून रंगते, हे मला माहीत आहे. तरी त्या पहाटे समोर रसातलं पाणी वाफ होऊन छपराला जात होतं, आणि माझ्या मांडीवरच्या पट्टीवर पिवळी माती आपली आपण भाजल्या मातीकडं निघाली होती. अंगावर काटा आला. फळ्यावर लिहिलेलं वाक्य अठरा वर्षांनी मला स्वतःला समजलं.

आप्पा तिथले गुळव्या. सत्तरीला आलेले, उंच, बारीक, डोळे जाळानं कायमचे लालसर. जाळ किती, चुन्याची निवळी कधी, काहील उतरायची कधी, सगळं त्यांच्या शब्दावर. गुळाचा पाक झाला का हे ते थंड पाण्यात थेंब टाकून, बोटांत त्याची गोळी वळून बघतात, पण मला वाटतं त्याआधीच त्यांना कळलेलं असतं. गोळी ते बाकीच्यांच्या समाधानासाठी करत असावेत. तोवर ते माझ्याशी दोन-चार शब्दांपलीकडं बोलले नव्हते. ती पट्टी वाळत ठेवली होती तिथं ते आले, वाकून बघितलं आणि विचारलं, “बाई, हे काय केलासा?”

मी सांगितलं. त्यांनी काही न बोलता एका ठिपक्यापाशी बोट नेलं. “ही काकवी.” बोट पुढं सरकलं. “हितं गोळी हुतीया.” मग शेवटच्या ठिपक्यावर. “आणि ह्यो वाफ्यातला. उतरल्यावरचा.”

तिन्ही बरोबर होते. चौदावा ठिपका मी खरंच गूळ वाफ्यात, म्हणजे निवायच्या उथळ जागेत, ओतल्यावर ठेवला होता. वेळा पेन्सिलीनं इतक्या बारीक लिहिल्या होत्या की चष्म्याशिवाय त्यांना त्या वाचता येणं शक्य नव्हतं. त्यांनी रंग वाचला.

मला धीर आला. पिशवीतून आदल्या रविवारचं चित्र काढून दाखवलं. काहील जाळावर, भोवती दोघं जण, वाफ. मला ते बरं जमलंय असं वाटत होतं. आप्पांनी ते हातात घेतलं नाही, हात पुसून मागं बांधले आणि जरा वेळ बघत राहिले. “रंग वाफ्यातला घातलाय आणि काहील अजून चुलवणावर. ह्या रंगाला उतरली न्हाई तर जळला की गूळ. वास येतोय बघा.”

तो कागद मी उलटा करून मागच्या बाजूला चित्र पुन्हा काढलं. मालिकेतलं पहिलं चित्र तेच. पुढचं एकही चित्र आप्पांना दाखवल्याशिवाय मी पुरं मानलं नाही. रेषा, रचना याबद्दल ते काही म्हणत नसत. रंगाबद्दल मात्र बोलायचे, आणि प्रत्येक वेळी त्यांचंच बरोबर असायचं.

वाफेनं सगळ्यात जास्त छळलं. जलरंगात पांढरा रंग वापरायचा नाही, कागद कोरा सोडायचा, हे आम्ही शिकलेलो आणि मी ते पाळते. पण वाफ काही एका जागी थांबत नाही. ती कुठं कोरी सोडायची हे आधी ठरवावं लागतं, आणि ठरवेपर्यंत ती दुसरीकडं गेलेली असते. शिवाय खऱ्या वाफेनं माझा कागदच ओला. तीनशे जीएसएमचा सुती कागद, एरवी डिसेंबरच्या उन्हात एक वॉश, म्हणजे रंगाचा पातळ थर, दहा मिनिटांत वाळतो, तिथं अर्धा तास झाला तरी हाताला गार लागायचा. ओल्यावर दुसरा रंग लावला की तो पसरून कोबीच्या फुलासारख्या कडा उठायच्या. आठवडाभर मी याच्याशी भांडले. जागा बदलली, पुठ्ठ्यानं वारा घातला, एकदा चुलवणाच्या तोंडाशी कागद धरला तर टेप सुटून कागद वाकडा झाला.

सहावं चित्र करताना भांडण सोडलं. कागद दोन्ही बाजूंनी भिजवून पाटावर चिकटवला, धुराचा राखाडी आधी ओतला, अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना समसमान, आणि पाट उभा धरला. अल्ट्रामरीनचे कण जड, ते कागदाच्या खळग्यांत बसतात, त्यामुळं धूर दाणेदार झाला, गुऱ्हाळाच्या छपराखाली असतो तस्सा. वाफेच्या जागी रंग पोचायच्या आत कोरडा ब्रश फिरवून पाणी उचललं. कडा उठल्या त्या उठू दिल्या. एका कडेला चुलवणातली राख उडून ओल्या रंगात चिकटली, ती अजून तिथंच आहे. सगळ्या अकरांत मला स्वतःला हे चित्र सगळ्यात जवळचं आहे.

रात्रीच्या दोन चित्रांबद्दल जरा वेगळं सांगायचं आहे. चुलवणाचं तोंड जमिनीच्या पातळीखाली असतं. चिपाडं आत ढकलणारा माणूस खड्ड्यात बसतो आणि उजेड त्याच्या चेहऱ्यावर खालून येतो. हनुवटी, नाकाच्या खालची बाजू, भुवया उजळतात, कपाळ अंधारात. खालून येणाऱ्या उजेडाचं चित्र म्हटलं की आम्हा कोल्हापूरकरांना एकच आठवतं: सावळाराम हळदणकरांची हातात दिवा धरून उभी असलेली ती स्त्री. मूळ चित्र म्हैसूरला जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. तेही जलरंगातलं. त्यासाठी उभ्या राहिल्या त्या त्यांच्या कन्या, गीताबाई उपळेकर, कोल्हापुरातच राहायच्या. २०१८ मध्ये, शंभरी ओलांडून, त्या गेल्या. म्हैसूरला मी बी.एड. झाल्यावर गेले होते. बोटांच्या फटींतून येणारा तो लाल उजेड कागदाचाच आहे, वरून लावलेला नाही, हे तिथं उभं राहून कळलं आणि त्या दिवशी मी दुसरं काही बघितलं नाही.

जाळ घालणाऱ्या माणसाचा चेहरा रंगवताना मी ते डोळ्यांपुढं ठेवलं होतं, म्हणजे तशी नक्कल करायची म्हणून नव्हे, क्रम लक्षात राहावा म्हणून. आधी पूर्ण चेहऱ्यावर फिका पिवळा, तो पूर्ण वाळू द्यायचा, मग वरून अंधार आणत खाली यायचं आणि उजेडापाशी थांबायचं. एकदा अंधार उतरला की उजेड परत मिळत नाही. माझा पहिल्या वेळी डाव्या गालावरचा उजेड गेला. दुसऱ्या कागदावर राहिला. तो माणूस मराठवाड्यातून हंगामाला आलेला, बायको चरक्याजवळ चिपाडं पसरायची, मुलगी पाचटाच्या ढिगात झोपायची. चित्राचा फोटो मी त्याला फोनवर पाठवला तर त्यानं उलट विचारलं, “बाई, यात मी आहे ते कळतंय, पण माझी बायको कुठंय?” त्या प्रश्नामुळं आठवं चित्र झालं. सकाळचं कोवळं ऊन, चिपाडांचा पसारा आणि पाठमोरी बाई, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. चिपाडांसाठी कोरड्या ब्रशनं काम केलं, ते एका बैठकीत झालं, त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही.

चौथ्या चित्राला मुंग्या लागल्या. उसाचा रस उडून त्याच्या कोपऱ्यावर पडला होता. मी टिपकागदानं टिपला, पण गोडी राहिलीच. कपाटात ठेवलेलं चित्र चार दिवसांनी काढलं तर काळ्या मुंग्यांची रांग, आणि त्या कोपऱ्यात कागदाचा वरचा थर भुरभुरलेला. तेव्हापासून घरी आल्याबरोबर प्रत्येक चित्राच्या कडा ओल्या कापसानं पुसायच्या हा नियम केला. तो कोपरा कापला नाही, माउंटखाली गेला आहे.

जानेवारीत एका व्यापारी कंपनीनं कॅलेंडरसाठी सहा चित्रं मागितली. पैसे चांगले होते. अट अशी की गूळ पिवळा हवा, माणसांचे कपडे स्वच्छ हवेत आणि काजळी नको. मी त्यांना दोनदा भेटले, समजावून सांगितलं, चित्रं दाखवली. त्यांचं म्हणणं एकच, लोकांना हे बघवणार नाही. मी नाही म्हटलं. काजळीशिवाय गूळ होत नाही. शंभर किलो उसाला दहा-बारा किलो गूळ निघतो, आणि त्यासाठी माणसं रात्रभर त्या खड्ड्यात असतात. त्यांना पांढरे कपडे घालून काढायला माझा हात चालणार नाही. घरात पैशांची गरज होती, त्यामुळं हा निर्णय सोपा नव्हता, पण अजूनही तोच घेईन.

दोन मोठ्या चित्रांपैकी एक मार्केट यार्डातलं आहे. शाहू महाराजांनी १८९५ साली गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसवली तेव्हापासून कोल्हापूर म्हणजे गुळाची पेठ. २०१४ मध्ये इथल्या गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. सौद्याच्या वेळी रव्यांच्या, म्हणजे गुळाच्या ढेपांच्या, थप्प्यांमधून माणसं फिरतात, कुणी खडा फोडून उजेडाकडं धरतो, कुणी जिभेवर ठेवतो. गूळ उजेडाकडं धरलेला तो हात मला काढायचा होता. फुल शीट घेतलं, गर्दी सगळी धूसर ठेवली, आणि खड्याच्या कडेतून आरपार आलेला उजेड तेवढा कोरा कागद. पट्टीवरचा बारावा ठिपका तिथं जसाच्या तसा आला आहे.

एकाच जागी पाच महिने कंटाळा नाही आला का, असं एका सहकारी बाईंनी विचारलं. मी त्यांना टाऊन हॉल म्युझियममध्ये घेऊन गेले, आबालाल रहिमान यांची चित्रं दाखवायला. १९३१ साली गेलेला हा माणूस मुंबईला शिकून परत आला आणि कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगा असा हाकेच्या अंतरातला मुलूख पुन्हा पुन्हा रंगवत राहिला. तेच पाणी, तीच झाडं, वेळ निराळी. शाळेत असताना आमचे कलाशिक्षक आम्हाला तिथं न्यायचे आणि एका चित्रासमोर अर्धा तास बसवायचे. तेव्हा पाय दुखायचे. आता मीच माझ्या मुलांना तसं बसवते.

प्रदर्शनाच्या तिसऱ्या दिवशी आठवीचा वर्ग येऊन गेला. पट्टी मी चित्रांच्या ओळीत लावली होती, साध्या काचेत. मुलं तिच्यापाशीच जास्त थांबली. एकीनं विचारलं, “बाई, आमच्या चुलीवरच्या चहाची करू का अशी?” तिनं केली. नऊ ठिपके आहेत, दुधाआधीचे पाच आणि दुधानंतरचे चार. ती शाळेच्या फलकावर लावली आहे.

बारावं चित्र जुलैत सुरू केलं, ते अजून पाटावरच आहे. हंगाम संपल्यावर मी गुऱ्हाळावर कधी गेले नव्हते. पत्र्यावर पाऊस कोसळत होता, आत कुणी नाही. चरक्यावर पोतं बांधलेलं, चुलवणाच्या तोंडाशी पाणी साचून त्यात राख तरंगत होती. काहील भिंतीला उभी टेकवली होती, तिची खालची बाजू माझ्याकडं. पाच महिने मी तिच्या आत बघत होते, खालची बाजू कधी बघितलीच नव्हती. दाट काळी, मध्यभागी जाळानं निळसर झालेली, आणि पत्र्यातून गळणाऱ्या थेंबांच्या वाटांनी काळं धुपून आत तांबूस गंज उघडा पडलेला. काळ्यासाठी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना घट्ट मिसळले आहेत, दोन थर झाले. या हवेत एक थर वाळायला दिवस लागतो. गंजाच्या वाटा कोऱ्या ठेवल्या आहेत, त्या शेवटी भरीन.